मदत हवी आहे: मुंबईच्याच रेषेत, समुद्रही पश्चिमेलाच, तरी तिथे वाळवंट कसं?

मंडळी, लेक नववीत आहे आणि सोमवारी भूगोलाचा प्रकल्प द्यायचाय. काल तिने पृथ्वीगोलावर मुंबईला टाचणी टोचून पश्चिमेकडे सरळ लोकर ताणली. ओमान, सौदी, सुदान, अख्खा सहारा ओलांडून लोकर आफ्रिकेच्या पलीकडच्या किनाऱ्याला लागली, मॉरिटानियाची राजधानी नुआकशोतच्या जरा वर. मुंबई १९ अंश उत्तर, ते १८. दोघांच्याही पश्चिमेला समुद्र. आपल्याकडे वर्षाला २,२०० मिमीच्या आसपास पाऊस, तिथे जेमतेम १००. सांताक्रूझला २६ जुलै २००५ ला एका दिवसात ९४४ मिमी पडला होता, म्हणजे त्यांचा जवळपास नऊ वर्षांचा कोटा!

मी ठोकून दिलं, "आपल्याकडे सह्याद्री ढग अडवतो." तर म्हणे, "बाबा, मग मे महिन्यात सह्याद्री कुठे जातो?"

बोलती बंद. गोरेगावात मेमध्ये दोरीवरचा टॉवेल दुसऱ्या दिवशीही दमटच असतो. हवेत पाणी आहे, समुद्र तापलाय, डोंगर जागेवर आहे. मग पाऊस का नाही? ‘जमीन लवकर तापते’च्या पुढे कुणी नेईल का?

आगोट
पोरीने नेमक्या जागी बोट ठेवलंय. मेमधली ओल उथळ असते, किलोमीटर-दीड किलोमीटरपर्यंतच. तिच्यावर अरबस्तानाकडून आलेली गरम, कोरडी हवा पातेल्यावरच्या झाकणासारखी बसलेली असते. आपण खाली वाफेत शिजतो, पण ती वाफ झाकण भेदून वर जात नाही, त्यामुळे मोठे ढग बनत नाहीत. जूनमध्ये ओलसर थर कितीतरी पट जाड होतो आणि झाकण उडतं. सह्याद्रीला त्यानंतर काम मिळतं.

ही ओल येते कुठून, ते प्रकल्पात जरूर घाला. मादागास्करच्या पूर्वेला मस्कारेन बेटांच्या आसपास जास्त दाबाचा पट्टा असतो. तिथून निघालेले आग्नेय व्यापारी वारे विषुववृत्त ओलांडतात आणि पृथ्वीच्या फिरण्यामुळे उजवीकडे वळतात. पूर्व आफ्रिकेचे डोंगर भिंतीसारखे उभे असल्याने वारा त्यांच्या कडेने कोंडला जातो आणि सोमालियापासून अरबी समुद्रावर सुसाट सुटतो, साधारण दीड किलोमीटर उंचीवर. १९६९ मध्ये फिंडलेटर या हवामानतज्ज्ञाने हा झोत नीट मांडला. आपल्या गच्चीवरचं पाणी दक्षिण गोलार्धातून निघालेल्या वाऱ्याने आणलेलं असतं, हे वर्गात सांगितलं तर मजा येईल.

जुना जहाजी
नुआकशोतच्या किनाऱ्याने फेब्रुवारीत गेलोय. १८ अंश अक्षांशावर असूनही डेकवर स्वेटर घालावा लागला, आणि सकाळी रेलिंगवरून बोट फिरवलं तर तांबूस धूळ, सहाराची. तिथे कनारी प्रवाह उत्तरेकडून गार पाणी आणतो. वर किनाऱ्यालगत वाहणारा उत्तरेचा वारा पृष्ठभागाचं पाणी आत समुद्राकडे सारतो, मग तळाचं आणखी गार पाणी वर येतं. त्यामुळे मासळी उदंड, पाऊस नाही. गार पाण्यावरची हवा जड होऊन खालीच बसते. समुद्र शेजारी असून उपयोग काय, वारा त्याच्यावरून आत यायला हवा ना!

सोमालियाजवळही उन्हाळ्यात असंच गार पाणी वर येतं. पण वारा तिथून आपल्यापर्यंत येता येता कोमट समुद्रावरून भरपूर वाफ उचलतो.

गोरेगावकर बाबा (धागाकर्ता)
दोघांचे आभार. पण मग आपला वारा जूनमध्ये उलटा फिरतो, त्यांचा का नाही?

आगोट
थोडा फिरतो की. त्यांचा जो काही पाऊस आहे तो मुख्यतः ऑगस्ट-सप्टेंबरमध्येच पडतो. पण पावसाचा खरा पट्टा त्यांच्या बराच दक्षिणेला थांबतो. आपल्याकडे तो गंगेच्या मैदानापर्यंत चढतो, कारण उत्तरेची कोरडी हवा हिमालय अडवून धरतो. आणखी एक गंमत: १९९६ मध्ये रॉडवेल आणि हॉस्किन्स या हवामानशास्त्रज्ञांनी दाखवलं की आपल्या मान्सूनमध्ये जी प्रचंड उष्णता मोकळी होते, तिच्यामुळे पश्चिमेकडे हवा खाली उतरते, विशेषतः पूर्व सहारा आणि भूमध्य समुद्राच्या बाजूला. ते भाग कोरडे राहण्यात आपल्या पावसाचाही हात आहे.

गोरेगावकर बाबा
हे वाचून दाखवल्यावर पुढचा प्रश्न आला, "मग सहारात कधीच पाऊस नव्हता?"

जुना जहाजी
होता. साधारण ५,००० वर्षांपूर्वीपर्यंत तिथे तळी होती, गवत होतं. पृथ्वीचा अक्ष हळूहळू डुलतो, त्यामुळे तेव्हा तिथला उन्हाळा जास्त कडक होता आणि मान्सून बराच आत शिरायचा.

गोरेगावकर बाबा
झालं, आता दुसरा तक्ता हवा म्हणते. गार प्रवाहांसाठी निळी लोकर संपलीय, रात्रीचे साडेनऊ झालेत. स्टेशनजवळचं एखादं दुकान उघडं असेल तर कळवा.