अनुभव धागा: तुमचं मॉनिटरिंग सॉफ्टवेअर कधी फुगलं होतं का?

एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याचं नेटवर्क बघतो. स्विच, वायफाय, डीव्हीआर धरून साठेक डिव्हाइस. ती चालू आहेत का हे बघणारं सॉफ्टवेअरच दर आठ-दहा दिवसांनी मरायचं. कर्नल लॉगमध्ये ओओएम किलरची (रॅम संपली की प्रोसेस मारणारा लिनक्सचा भाग) ओळ ठरलेली. मी क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी काम आपोआप चालवणारी सोय) पहाटे ३ ची रीस्टार्ट लावली आणि विषय मिटवला. तुम्ही मेमरीची गळती (घेतलेली रॅम परत न सोडणं) शोधली असेल तर सांगा की.

*

आधी गळतीच आहे ना ते बघा. आमच्या साहेबांनी 'फ्री' कॉलम बघून रॅम वाढवायला लावली होती! लिनक्स मोकळी रॅम फाइल कॅशला वापरतं, लागली की सोडतं. 'अव्हेलेबल' बघायचं, आणि त्या प्रोसेसचा आरएसएस (ती प्रत्यक्षात धरून बसलेली रॅम).

*

मी दर ५ मिनिटांनी आरएसएस टिपून ठेवला. आलेख सरळ चढेना, जिन्यासारख्या पायऱ्या. चार दिवस डोकं खाजवलं. मग वॉचमनच्या वहीत लाइट गेल्याच्या वेळा दिसल्या, पायऱ्या तिथंच! लाइट गेली की शेडमधले स्विच बंद, सर्व्हर मात्र यूपीएसवर. एसएनएमपीला (नेटवर्कवरून डिव्हाइसची हालहवाल विचारायची पद्धत) उत्तर नाही, टाइमआउट (वाट बघायची मुदत संपली). उत्तर आलं तर सेशन (त्या विचारणीसाठी उघडलेला, रॅम धरणारा संवाद) बंद व्हायचं. टाइमआउट झाला की फंक्शन मधूनच परत फिरायचं, सेशन तसंच पडून. खात्रीसाठी कुणीच वापरत नसलेले २० आयपी यादीत घातले. आठवड्याचा फुगवटा अर्ध्या तासात आला. व्हॅलग्राइंड या मेमरी तपासणाऱ्या टूलखाली चालवलं (कासव बरं), तर 'डेफिनिटली लॉस्ट' म्हणजे नक्की हरवलेल्या मेमरीखाली तेच फंक्शन.

*

आमच्याकडं व्हॅलग्राइंडचा उपयोग झाला नाही. पायथॉनचा कोड, हरवलं काहीच नव्हतं, नुसतं साठत होतं. ट्रेसमॅलॉकचे (पायथॉनमध्ये मेमरी कुठं घेतली ते दाखवणारं टूल) दोन स्नॅपशॉट ताडून पाहिले, एक डिक्शनरी (कोडमधली नोंदींची यादी) सापडली. वायफायवर आलेल्या प्रत्येक मोबाइलचा मॅक पत्ता (नेटवर्कवरचा ओळख क्रमांक) आत जायचा, बाहेर कधीच नाही. सोलापुरात होम मैदानाजवळचं लॉज आहे, जानेवारीत गड्डा (सिद्धेश्वर यात्रेची जत्रा) भरला की काय होत असेल बघा.

*

क्रॉनची रीस्टार्ट काही वाईट नाही ओ. कंपनीचा पॅच येईपर्यंत तोच वाली.

*

धागा काढणारा मीच. आठवडाभर रीस्टार्ट बंद ठेवून आरएसएस टिपला. परवा दुपारी लाइट गेली. पायरी आहे बे! पण आमच्या सॉफ्टवेअरचा सोर्स मिळत नाही. आलेख आणि लाइटच्या वेळा जोडून सपोर्टला मेल टाकलाय. पहाटे ३ चं क्रॉन पुन्हा लावलं.