गोव्यातल्या ग्रँड आयलंडला स्कूबा केलं तर कोरल (प्रवाळ), मासे खरंच दिसतात का?

फोंडेकर: नमस्कार मंडळी, डिसेंबरात पुण्याहून मेव्हणा पोरांना घेऊन येतोय, त्यांना म्हणे स्कूबाच करायचंय, म्हणजे पाठीवर हवेची टाकी लावून पाण्याखाली जायचंय. जाहिरातीत निळंशार पाणी आणि माशांची नुसती जत्रा दाखवतात, आम्ही जन्मभर मासे फक्त ताटात बघितलेले, त्यामुळे काय खरं काय खोटं कळत नाही. पोहता येत नसेल तर चालतं का? धाकटा ९ वर्षांचा आहे.

वास्कोतला_आळशी: ते निळं पाणी विसरा. जुवारी नदीचं तोंड जवळ, गाळ येतो, ५-६ मीटरवरचं दिसलं तरी दिवस चांगला म्हणायचा. कोरलपण सलग नाही, खडकांवर तुकड्यातुकड्यात चिकटलेलं. पण मासे आहेत हो, भरपूर! बुडालेल्या जहाजाच्या सांगाड्यापाशी तांबोशी, गोबरे फिरत असतात, आणि कपारीत नीट बघितलं तर लायनफिश पंखे पसरून उलटा लटकलेला दिसतो, त्याला हात लावायला जाऊ नका, काट्यात विष असतं. पोहता आलं नाही तरी चालतं, इन्स्ट्रक्टर धरूनच नेतो. धाकट्याला मात्र १० पूर्ण नाहीत म्हणून बहुतेक नाहीच घेणार, स्नॉर्केलिंग करू दे, म्हणजे तोंडात नळी धरून वरूनच पाण्यात बघायचं.

दर्यावेडी: खरी जत्रा बघायची तर कर्नाटकातल्या नेत्राणी बेटाला जा. मडगावहून ट्रेनने मुर्डेश्वर, तिथून बोटीने साधारण १९ किमी. तिथे पोपटमासा कोरल खरवडतो त्याची करकर पाण्याखाली चक्क ऐकू येते!! इथल्या डॉल्फिन-जेवण-स्कूबा सगळं एकात पॅकेजमध्ये पाण्याखाली जेमतेम पाच-दहा मिनिटं मिळतात आणि त्यातली निम्मी फोटोत जातात, माझ्या मते पैसे वाया.

वास्कोतला_आळशी: नेत्राणी भारीच, पण पोरं घेऊन एवढी धावपळ कोण करणार. आणि हो, सर्दी असेल तर उतरूच नका, १० मीटरवर दाब दुप्पट होतो, नाक दाबून कान मोकळे झाले नाहीत तर जाम दुखतात.

फोंडेकर: मेव्हण्याचं संध्याकाळचं विमान आहे, सकाळी डाईव्ह करून जमेल ना?

दर्यावेडी: अजिबात नाही! निदान १८ तास जाऊ द्या मध्ये. रक्तात विरघळलेला नायट्रोजन हळूहळू बाहेर पडतो, वर हवेचा दाब कमी झाला की त्याचे बुडबुडे होतात. डाईव्ह पहिल्याच दिवशी उरकून घ्या.

फोंडेकर: बरं झालं विचारलं, तिकीट बदलायला सांगतो. धाकट्याची समजूत त्याच्या बापानेच काढावी.