जुन्या प्लास्टिक मॉडेलवरचा रंग काढायचाय? नवख्यांना ब्रेक ऑइल सांगणं थांबवा

गोदाकाठ (पैठण)

गेल्या महिन्यात आमच्या मॉडेलवाल्यांच्या गटात नववीतल्या एका पोरानं विचारलं, १/७२ मापाच्या नॅट विमानावर रंगाचा हात फार जाड बसलाय, आता काय करू? पाच जणांनी उत्तर दिलं. पाचही जण म्हणाले, ब्रेक ऑइलमध्ये रात्रभर बुडवून ठेव. हातमोजे घाल, एवढंसुद्धा कुणी म्हटलं नाही. मला ते वाचून झोप आली नाही, म्हणून हा धागा काढतोय.

आपल्या बहुतेक किटांचं प्लास्टिक पॉलिस्टायरीन असतं. त्यावरचा रंग विरघळावा आणि प्लास्टिकला धक्का लागू नये, एवढंच आपल्याला हवं असतं. ॲसिटोन, नेलपॉलिश रिमूव्हर, एनसी थिनर, पेट्रोल ही मंडळी रंगाबरोबर प्लास्टिकही खातात. कॉलेजात असताना मी हार्डवेअरच्या दुकानातून सुटं थिनर आणलं आणि कापसानं पंखावर एकदा, फक्त एकदा फिरवलं. रंग गेला. पण बोट उचललं तर पंखावर माझ्या बोटाचा ठसा उमटलेला. पत्र्याच्या जोडांच्या ज्या केसाएवढ्या रेषा असतात, त्या लोणी फासल्यासारख्या बुजून गेल्या होत्या. ते मॉडेल मी अजून टाकलेलं नाही.

ॲक्रिलिक रंगासाठी माझ्या मते पहिला उपाय आयपीए, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल. ९९ टक्क्यांचं मिळालं तर उत्तम. घट्ट झाकणाची काचेची बरणी घ्यायची, भाग बुडवायचे आणि अर्ध्या तासानं बघायचं. टॅमियाचा ॲक्रिलिक असेल तर त्याआधीच सुटायला लागतो. वायेहोसारखा पाण्यातला रंग विरघळत नाही, तो फुगून सालीसारखा निघतो. मऊ टूथब्रश रेषेच्या दिशेनं फिरवायचा, साबणाच्या पाण्यानं धुवायचं, राहिलं असेल तर पुन्हा बुडवायचं. रात्रभर विसरून जायचं नाही. कॅनॉपीचे, म्हणजे वैमानिकाच्या डोक्यावरच्या काचेचे पारदर्शक भाग वेगळे ठेवायचे, ताणाखालच्या पारदर्शक प्लास्टिकला अल्कोहोलनं बारीक तडे जाऊ शकतात. वापरलेलं आयपीए फेकू नका, चार दिवसांत रंगाचा गाळ तळाशी बसतो, वरचं नितळ ओतून घेतलं की परत कामाला येतं.

एक गोष्ट मात्र पुन्हा पुन्हा सांगावी लागते. आयपीएची वाफ १२ अंशांच्या आसपासच पेट घेऊ शकते. आपल्याकडे मेमध्ये पारा ४० च्या वर जातो. बरणी उघडायची तर गच्चीवर किंवा अंगणात, सावलीला. देवघरातली समई, गॅस, कूलरचं बटण, यांच्या जवळ अजिबात नाही.

ब्रेक ऑइल नवख्याच्या हातात देऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

जालनेकर गॅरेज

दादा, तुमचं बाकी सगळं पटलं, शेवटचं वाक्य नाही पटलं. मी वीस वर्षं रोज ब्रेक ऑइलमध्ये हात घालायलो आणि बारा वर्षं टँकची मॉडेलं करायलो.

तुम्ही ॲक्रिलिकचं बोलायलात. आमच्या पिढीनं हम्ब्रोलच्या इवल्याशा डब्यांतला इनॅमल वापरला. पंधरा वर्षं वाळलेल्या इनॅमलवर आयपीए ओतून बघा. दोन दिवस ठेवलं तरी तो हूं की चूं करत नाही. तिथं ब्रेक ऑइल काम करतं, कारण ते ग्लायकॉल इथरचं असतं. गाडीच्या टाकीवर एक थेंब सांडला आणि पुसायचा राहिला तर रंग सुरकुततो, हे गॅरेजातल्या बारक्या पोरालाही ठाऊक असतं.

दुसरं असं, की आयपीए म्हणता, पण तालुक्याच्या गावात मिळतं कुठं? मेडिकलवाला सॅनिटायझर काढून देतो. त्यात ग्लिसरीन, सुगंध, कधी जेल. ब्रेक ऑइल प्रत्येक फाट्यावर मिळतं. घ्यायचं ते डॉट ३ नाही तर डॉट ४. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, त्यात मॉडेल वर्षभर बुडवलं तरी रंग हलणार नाही, पैसे वाया.

मी चार-पाच तासांनी काढून बघतो, नायट्राइलचे हातमोजे घालतो, खाली ट्रे ठेवतो. माझं एकही मॉडेल खराब झालं नाही. वस्तू वाईट नाही, सांगणाऱ्यानं अर्धंच सांगितलं ते वाईट.

गोदाकाठ (पैठण)

अर्धंच सांगितलं जातं, हेच तर मी म्हणतोय. तुमच्याकडे हातमोजे आहेत, ट्रे आहे, वीस वर्षांचा हात आहे. त्या पोराकडे आईच्या स्वयंपाकघरातली वाटी आहे. आणि ठिसूळपणाचं काय? माझ्या ओळखीच्या दोघांच्या मॉडेलांचे बारीक भाग, चाकांचे दांडे, अँटेना, ब्रेक ऑइलमधून काढल्यावर बोट लागताच तुटले. तीन दिवस ठेवलं होतं, हे मान्य. पण "किती वेळ" हे आपण कधी सांगतच नाही.

परभणीची बाई

मी शाळेत रसायनशास्त्र शिकवते, मॉडेलं मुलामुळे सुरू झाली. दोघांशीही थोडी असहमत आहे.

जुन्या इनॅमलला कॉस्टिक सोडा, म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइड, हा खरा उतारा आहे. इनॅमल तेलाच्या जातीचा रंग, अल्कली त्याचं बंधन तोडतं. साबण तयार होताना तेलाचं जे होतं तेच इथे होतं. पॉलिस्टायरीनवर त्याचा परिणाम होत नाही, त्यामुळे ठिसूळपणाचा प्रश्नच येत नाही. पण कॉस्टिक हे तुमच्या ब्रेक ऑइलपेक्षा जास्त धोक्याचं आहे, आणि ते मी अजिबात सौम्य करून सांगणार नाही. कातडी भाजते. डोळ्यात एक थेंब गेला तर दृष्टी जाऊ शकते. चष्मा नव्हे, बाजूनंही बंद असलेला गॉगल हवा.

नेहमी थंड पाण्यात थोडा थोडा सोडा घालायचा. सोड्यावर पाणी कधीही ओतायचं नाही, एकदम उष्णता निघते आणि उसळून अंगावर येतं. भांडं प्लास्टिकचं. ॲल्युमिनियमचं पातेलं चालत नाही, कॉस्टिक ते खातं आणि हायड्रोजन सुटतो. टँकला ॲल्युमिनियमची तोफनळी लावली असेल तर ती आधी काढून ठेवा, नाहीतर सकाळी नळी दिसणार नाही. आणि शेजारी पाण्यानं भरलेली बादली ठेवल्याशिवाय डब्याचं झाकण उघडायचं नाही.

शाळकरी मुलानं हे एकट्यानं करू नये. इथे गोदाकाठ यांच्याशी मी पूर्ण सहमत.

लातूर रोड

बाई, तुमच्या बादलीवर थांबलो. डोळ्यात अल्कली गेलं तर पंधरा-वीस मिनिटं सतत पाणी मारावं लागतं, बरोबर ना? एका बादलीत भागतं का? एप्रिल २०१६ मध्ये आमच्या गावाला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. जलदूत म्हणायचे तिला. ज्या घरात नळ आठ-आठ दिवसांनी येतो, तिथं "भरपूर पाण्यानं धुवा" हे लिहिणं सोपं आहे. पाणी आलेल्या दिवशीच हे काम काढा, असं तुम्ही लिहायला हवं होतं.

आणि मूळ प्रश्नच मला मान्य नाही. रंग काढायचाच कशाला? दहातली आठ मॉडेलं मी उतरवतच नाही. जाड हात बसलाय ना, तर १००० आणि मग २००० नंबरचा पॉलिशपेपर ओला करून हलक्या हातानं घासायचा, रेषा पुन्हा सुईनं कोरायच्या, वरून पातळ प्रायमर. वाटीभर पाण्यात काम होतं. नालीत काही जात नाही. तुम्ही सगळे बरणीपर्यंत बोलता, बरणीतलं शेवटी कुठं ओतायचं यावर अजून कुणी शब्द काढला नाही.

परभणीची बाई

बरोबर पकडलंत. एक बादली पुरत नाही. वाहतं पाणी हवं, आणि धुता धुता दवाखाना गाठायचा. नळाच्या दिवशीच करा, हे वर जोडून वाचावं.

जालनेकर गॅरेज

लातूरकर, घासायचं म्हणता ते पंखाला ठीक. टी-५५ टँकच्या बुरुजावरचे खिळे, पकडायचे दांडे, इंजिनाची जाळी, तिथं पॉलिशपेपर कसा शिरवणार? रिव्हेटा घासल्या की गेल्या, त्या परत येत नाहीत. म्हणून तर बुडवावं लागतं.

ओतण्याचं तुम्ही बोललात ते मात्र खरं आहे. मी वापरलेलं ब्रेक ऑइल गॅरेजच्या जुन्या ऑइलच्या पिंपात टाकत नाही, वेगळ्या कॅनमध्ये साठवतो. घरी करणाऱ्याकडे तो कॅन नसतो, हे मला आजवर सुचलं नव्हतं.

नांदेड १/३५

मी बारावीत आहे. माझा अनुभव वेगळाच झाला. कुणीतरी सांगितलं म्हणून तपकिरी डेटॉलमध्ये सैनिक बुडवले. दुसऱ्या दिवशी रंग छान सैल झाला होता. मग मी नळाखाली धरले आणि सगळा रंग चिकट डिंकासारखा होऊन परत अंगावर बसला, ब्रशही वाया गेला. प्लास्टिक खराब झालं का? आता काय करू? आणि कारच्या क्रोम भागांचं काय?

गोदाकाठ (पैठण)

प्लास्टिक शाबूत आहे, घाबरू नको. डेटॉलमध्ये पाइन ऑइल असतं, पाणी लागलं की ते दुधाळ होतं आणि सुटलेला रंग त्यात गोळा होऊन चिकटतो. पुन्हा डेटॉलमध्ये टाक, डेटॉलमध्येच ब्रशनं घासून सगळा रंग काढ, स्वच्छ डेटॉलमध्ये एकदा खळबळ, पुसून घे आणि मगच साबण-पाणी.

क्रोमला घरातलं ब्लीच पुरतं. चकाकी काही मिनिटांत, कधी तासाभरात उतरते. पण ब्लीच एकटंच वापरायचं. त्यात ना ॲसिड, ना डेटॉल, ना आयपीए. ॲसिडबरोबर क्लोरीन वायू होतो. संडास साफ करायचं ॲसिड आणि ब्लीच आपल्याकडे एकाच मोरीत शेजारी शेजारी ठेवलेलं असतं, म्हणून मुद्दाम सांगतोय.

आणि जे काही वापरशील ते आधी स्प्रूवर बघ, किटच्या त्याच चौकटीच्या तुकड्यावर. तो तुकडा बुडव, दुसऱ्या दिवशी वाकवून बघ, नखानं दाबून बघ. मऊ पडला किंवा कुडकन तुटला तर तो उपाय बाद.

जालनेकर गॅरेज

स्प्रूवर मीही तुमच्या बरोबर. आणि एक मागे घेतो. शाळकरी पोरानं विचारलं तर यापुढे ब्रेक ऑइल सांगणार नाही, घासायला नाहीतर आयपीए सांगेन. पण मोठ्या माणसानं इनॅमलचं विचारलं तर सांगणार. तासांसकट सांगणार, हातमोज्यांसकट सांगणार. ते थांबवा म्हणाल तर नाही थांबवणार.

गोदाकाठ (पैठण)

तासांसकट सांगणार असाल तर माझा राग अर्धा उतरला. उरलेला अर्धा तसाच आहे, कारण पुढचा माणूस तुमचं वाक्य पुढे पाठवताना तास गाळतो.

बिंदुसरा (बीड)

इतके दिवस नुसतं वाचत होते. माझ्या मोठ्या भावानं १९९४ साली नॅट केलं होतं, निर्मलजितसिंग सेखों यांच्यासाठी. १४ डिसेंबर १९७१ ला श्रीनगरवर ते ज्या विमानातून लढले, ते विमान. हवाई दलाला मिळालेलं एकमेव परमवीर चक्र त्यांचं. पंखांवरची हवाई दलाची तिरंगी गोल चक्रं भावानं ब्रशनं हातानं काढलीत आणि रंग उलटे झालेत, केशरी बाहेर हवा तिथं हिरवा आहे. भाऊ आता नाही. मॉडेल काळपट, चिकट झालंय. नात्यातल्या एकानं सांगितलं, सगळं उतरवून नीट करून घे, चक्रंही बरोबर करून घे. या धाग्यात मी त्याचीच रीत शोधत होते.

लातूर रोड

ताई, उतरवू नका.

जालनेकर गॅरेज

ताई, मीही तेच म्हणतो. आणि १९९४ चा रंग म्हणजे इनॅमलच असणार, म्हणूनच तो टिकलाय. फक्त मळ काढता येईल.

परभणीची बाई

ना आयपीए, ना ब्रेक ऑइल, ना कॉस्टिक. वाटीभर कोमट पाण्यात भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब टाका. गरम पाणी नको, प्लास्टिक वाकतं. कानात घालायची कापसाची काडी ओली करून पिळून घ्या आणि पोटाखालून सुरुवात करा, जिथं कुणी बघत नाही. घासायचं नाही, काडी गोल फिरवत पुढे न्यायची. प्रत्येक वेळी काडी बघायची. करडी किंवा तपकिरी आली तर मळ निघतोय. हिरवी, केशरी आली तर तिथंच थांबायचं. चक्रं सगळ्यात शेवटी.

बिंदुसरा (बीड)

आज पोट आणि शेपटी केली. सोळा काड्या लागल्या. सगळ्या तपकिरी आल्या. शेपटीच्या खाली रंगात ब्रशचा एक केस अडकलेला दिसला, तो तसाच ठेवलाय. उद्या नळ येणार आहे, उजवा पंख घेते.