आईबापांवरचं नाटक सुचवा : मुलगा फ्रॉकमध्ये रमणारा

आबोली_कुडाळ
नमस्कार मंडळी. आमचा हौशी ग्रुप, यंदा गावात दोन अंकी करायचं ठरतंय. सहा-सात वर्षांचा मुलगा, त्याला फ्रॉक, बांगड्या, वेणी आवडते, आणि त्यावरून आईबापांत जुंपते. तयार संहिता आहे का? पात्रं चार-पाचच हवीत, बाया जेमतेम मिळतात. मुलाच्या भूमिकेला तर कुणी आपला पोरगा द्यायला तयारच नाही.

तिसरी_घंटा
मूल रंगमंचावर आणूच नका. डॅनियल पर्लचं ‘अ किड लाइक जेक’ वाचा, २०१३ साली न्यूयॉर्कला लिंकन सेंटरने केलेलं. चार वर्षांचा जेक, सिंड्रेलाचं वेड असलेला, अख्ख्या नाटकात दिसत नाही. आई, बाप, बालवाडीची बाई आणि एक नर्स, संपली पात्रं. शाळेच्या प्रवेशअर्जात त्याचं हे वेगळेपण लिहायचं का, इथून ठिणगी पडते. आता मॅनहॅटनमधली प्रवेशाची मारामारी कुडाळात कोण बघणार म्हणा! तेवढं कारण गावातलं शोधा. आणि रूपांतर केलंत तर लेखकाची परवानगी, संहिता तपासणाऱ्या सरकारी परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र, दोन्हींची सोय तालमीआधी. आयत्या वेळी फार धावपळ होते.

सुरंगी
चेतन दातारांचं ‘एक माधवबाग’ पण आहे. आईला मुलाची डायरी सापडते, एकपात्री. पण तिथे मुलगा मोठा आणि गे आहे. तुमच्या पोराचं पुढे काय होईल ते त्यालाही ठाऊक नाही, त्यामुळे तुमचा विषय वेगळा. ते आईच्या भाषेसाठी वाचा.

आबोली_कुडाळ
बाप दशावतारात स्त्रीपार्टी केला तर? लोक त्याच्या द्रौपदीला बक्षीस देतात आणि घरी तो पोराची वेणी ओढून काढतो.

पायपेटी
बापसाक दशावतारी केलास तर पयल्या धा मिनटांत लोकांका पुढचा सगळा कळतला. मी पेटीवर बसतंय, म्हणान सांगतंय. आमचो द्रौपदी करणारो रातभर लुगडा नेसता, सकाळी तोंड धुता नि बाजारात जाता. तेका कोण कायच बोलणत नाय, कित्याक तर ता सोंग. झिलाचा सोंग न्हय. ह्यो फरक बापसाक उमगता तो प्रसंग लिवा, मगे करा खुशाल.

खाडीकाठ
पायपेटींशी सहमत. आमच्याकडे असं लेकरू आहे. घरात भांडण फ्रॉकवरून होत नाही हो, पाहुणे यायच्या आधी नेलपॉलिश कुणी पुसायचं यावरून होतं. चतुर्थीला मुंबईची माणसं यायची होती. मी कापूस-रिमूव्हर घेऊन बसले, त्याने गपचूप हात पुढे केला आणि विचारलं, “काका गेल्यावर परत लावशील?” नवरा शेजारीच गणपतीवरची माटवी बांधत होता, ऐकून न ऐकल्यासारखा. असले प्रसंग घ्या. समुपदेशक आणून भाषण द्यायला लावू नका, आमच्या गावचे लोक तेवढ्यात चहाला उठतात.

तिसरी_घंटा
झालं की कारण! अर्जाच्या जागी चतुर्थी. मग रूपांतर कशाला, स्वतःचंच लिहा.

आबोली_कुडाळ
लिहितो. पहिला अंक चतुर्थीच्या आदल्या दिवसावर. खाडीकाठताई, तो नेलपॉलिशचा प्रसंग घेतला तर चालेल?

खाडीकाठ
घ्या. फक्त काकाचा मामा करा, आमच्याकडचे नाटकाला येतात.