नांगर टाकला म्हणजे जहाज सुरक्षित असं नाही

दादा, तुम्ही वर लिहिलंय की टायफून आला की नांगर टाकून गप्प बसावं, पण ४ सप्टेंबर २०१८ ला जेबी टायफूनमध्ये जपानच्या ओसाका बेमध्ये (उपसागरात) तेच नडलं. होउन मारू टँकर समुद्रातल्या बेटावरच्या कानसाई विमानतळाला इंधन देऊन रिकामा झालेला, म्हणजे पाण्याबाहेर उंच, वाऱ्याला आयताच सापडला, नांगर घसरत गेला आणि जहाज थेट विमानतळाच्या पुलावर आदळलं! ११ जण वाचले हेच नशीब. अहो, जोर असतो तो तळाशी आडव्या पडलेल्या साखळीचा, ती ताणून उचलली गेली की नांगर सुटतोच. साखळीवर हात ठेवला तर घसरताना थरथर कळते, पण त्या वाऱ्यात जहाजाच्या पुढच्या टोकाला जाणार कोण? बॅलास्ट (जहाज जड करायला टाक्यांत घ्यायचं पाणी) भरा, साखळी भरपूर सोडा, इंजिन तयार ठेवा, आणि मोठं जहाज असेल तर वेळेत उपसागरातून बाहेर पडा. २०२१ पासून जपानी कोस्ट गार्डला तसं सांगायचा कायदेशीर अधिकारच आहे.