१४ टक्के मतं आणि शून्य डेलिगेट: अमेरिकेतल्या प्रायमरीचे नियम न्याय्य आहेत का?

मतपेटी:
२०१६ ला साऊथ कॅरोलायनाच्या रिपब्लिकन प्रायमरीत (पक्षाचा राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार ठरवणाऱ्या मतदानात) ट्रम्प यांना साधारण ३२.५ टक्के मतं पडली आणि राज्याचे सगळे ५० डेलिगेट (पक्षाच्या अधिवेशनात उमेदवार निवडणारे प्रतिनिधी) त्यांच्या खात्यात गेले. डेमोक्रॅट्सकडे मतांच्या प्रमाणात वाटणी होते, पण १५ टक्क्यांच्या खाली राहिलात तर हाती काही नाही. यात न्याय कुठे बसतो? आणि पक्षाने पक्षपात केला असं वाटलं तर उमेदवाराने किंवा मतदाराने दाद कुठे मागायची? कोर्ट यात पडतं का?

बेरीजवजाबाकी:
आधी वाटणीचं बघू, कारण बहुतेक गैरसमज तिथेच होतात.

डेमोक्रॅट्सची १५ टक्क्यांची अट राज्यात एकदाच लागत नाही. काही डेलिगेट जिल्हावार (बहुतेक राज्यांत काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, मतदारसंघावार) ठरतात, उरलेले राज्यभराच्या मतांवर. अट दोन्हीकडे स्वतंत्रपणे लागते. त्यामुळे राज्यात १४ टक्क्यांवर अडकलेला उमेदवार एखाद्या मतदारसंघात १८ टक्के घेऊन एक डेलिगेट मिळवू शकतो.

६ डेलिगेटचा एक मतदारसंघ घ्या. अ ला ४०, ब ला ३०, क ला १६, ड ला १४ टक्के. ड बाद. उरलेल्या ८६ चा नवा पाया धरायचा: अ चे २.७९, ब चे २.०९, क चे १.१२. पूर्णांक दिले की २, २, १ होतात आणि एक डेलिगेट शिल्लक राहतो. तो सगळ्यात मोठ्या अपूर्णांकाला, म्हणजे अ ला. निकाल ३-२-१. ड ची १४ टक्के मतं हिशेबातूनच गेली.

सम-विषमाचा खेळ याहून कमी लोकांच्या लक्षात येतो. लढत दोघांतच असेल आणि डेलिगेट ४ असतील, तर ६० टक्के मिळवूनही वाटणी २-२ च होते. ३-१ साठी ६२.५ टक्क्यांहून जास्त लागतात. तेच ५ डेलिगेट असतील तर एका मताच्या आघाडीवरही ३-२. म्हणून प्रचाराचे पैसे विषम आकड्यांच्या मतदारसंघात ओतले जातात. जिथे १० टक्क्यांनी पुढे जाऊनही एक डेलिगेट वाढत नाही, तिथे कोण खर्च करेल?

वाया जाणाऱ्या मतांवर उपाय आहे. २०२० मध्ये अलास्का, हवाई, कॅन्सस आणि वायोमिंग इथल्या डेमोक्रॅट्सनी पसंतीक्रमाचं मतदान घेतलं. तळाचा उमेदवार बाद करत जायचं, त्याची मतं पुढच्या पसंतीला द्यायची, उरलेले सगळे १५ च्या वर आले की थांबायचं. टपालाने आधीच मत दिलेल्यांसाठी तर हे फार गरजेचं आहे. त्या वर्षी बुटिजेज आणि क्लोबुचर या उमेदवारांनी ३ मार्चच्या सुपर ट्यूजडेच्या (एकाच दिवशी अनेक राज्यांत मतदान होतं तो दिवस) तोंडावर, १ आणि २ मार्चला माघार घेतली, तोवर कॅलिफोर्नियात कितीतरी मतपत्रिका भरून परत गेल्या होत्या.

अधिवेशनाचा_कट्टा:
सुपरडेलिगेटचा, म्हणजे मतदारांनी न ठरवलेल्या, पदामुळे डेलिगेट झालेल्या पक्षनेत्यांचा, मुद्दा राहिला. २०१६ ला न्यू हॅम्पशायरच्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत सँडर्स ६० टक्के, क्लिंटन ३८. मतांवर ठरलेले डेलिगेट १५ विरुद्ध ९. पण तिथल्या ८ सुपरडेलिगेटपैकी ६ जणांनी क्लिंटन यांना पाठिंबा जाहीर केलेला असल्याने बातम्यांत १५-१५ झळकलं. बावीस टक्क्यांनी जिंकलेली लढत बरोबरीची दिसली, आणि त्या आकड्याने सँडर्स समर्थकांचा विश्वास उडाला तो उडालाच. शेवटी मतांवर ठरलेल्या डेलिगेटमध्येही क्लिंटन पुढेच होत्या, २,२०५ विरुद्ध १,८४६. म्हणजे सुपरडेलिगेटनी निकाल फिरवला नाही. शर्यत चालू असताना चित्र मात्र बिघडवलं.

२०१८ मध्ये पक्षाने नियम बदलला. निकाल आधीच स्पष्ट नसेल तर अधिवेशनात पहिल्या फेरीत त्यांना मत नाही. पहिल्या फेरीत कुणालाच बहुमत मिळालं नाही, तर दुसऱ्या फेरीपासून आहे.

कलम_पोटकलम:
दाद मागण्याबद्दल. डेमोक्रॅट्सच्या नियमांत वाट ठरलेली आहे, पण मुदती फार आखूड आहेत. राज्य पक्षाने स्वतःची डेलिगेट निवड योजना मोडली असं वाटलं तर त्या राज्यातल्या किमान १५ डेमोक्रॅट्सनी मिळून, घटनेपासून १५ दिवसांत, लेखी तक्रार द्यायची. ती राज्य समितीकडे आणि राष्ट्रीय नियम समितीकडे, दोन्हीकडे. राज्य समितीला निर्णयासाठी २१ दिवस, त्यावर अपिलासाठी १० दिवस. अधिवेशनाला ५६ दिवसांपेक्षा कमी उरले असताना उद्भवलेली तक्रार थेट अधिवेशनाच्या क्रेडेन्शियल्स समितीकडे (डेलिगेटची वैधता ठरवणारी समिती) जाते. सगळ्यात मोठी चूक म्हणजे निकालाची वाट बघत बसणं. हरल्यावर तक्रार करायला जावं तर मुदत केव्हाच संपलेली असते.

कोर्टाकडून फार आशा ठेवू नका. पक्ष ही खाजगी संघटना आहे, तिचे सदस्य आणि नियम ती ठरवते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८१ मध्ये विस्कॉन्सिनच्या प्रकरणात आणि २००० मध्ये कॅलिफोर्नियाच्या प्रकरणात मान्य केलंय. डेमोक्रॅटिक पक्षाच्या घटनेत पक्षाध्यक्षाने उमेदवारांबाबत निःपक्षपाती राहावं असं लिहिलेलं आहे. तरी २०१६ च्या प्रायमरीत पक्षपात झाला म्हणून देणगीदारांनी पक्षाविरुद्ध केलेला दावा फ्लोरिडातल्या संघीय न्यायालयाने २०१७ मध्ये, त्यांना दावा करण्याचा अधिकारच पोचत नाही म्हणून फेटाळला.

मतपेटी:
म्हणजे नियम पक्षाचे आणि न्यायाधीशही पक्षाचेच. मग नियम कडक असणं जास्त वाईट की मध्येच बदलणं?

अधिवेशनाचा_कट्टा:
मध्येच बदलणं, माझ्या मते निःसंशय. डेमोक्रॅट्सचं २००८ चं मिशिगन बघा. ठरवून दिलेल्या चार राज्यांखेरीज कुणीही ५ फेब्रुवारीच्या आधी मतदान घ्यायचं नाही असा नियम होता. मिशिगनने १५ जानेवारीला घेतलं. शिक्षा म्हणून सगळे डेलिगेट रद्द झाले. ओबामांनी नियम मानून मतपत्रिकेवरून नाव काढलं, क्लिंटन यांचं राहिलं. नंतर ३१ मे ला पक्षाच्या नियम समितीने शिक्षा सौम्य केली: प्रत्येक डेलिगेटला अर्धं मत, आणि वाटणी क्लिंटन ६९, ओबामा ५९. ज्याचं नावच मतपत्रिकेवर नव्हतं त्याला ५९ कुठून आले? 'कुणालाही नाही' या पर्यायाची मतं आणि अंदाज जोडून बसवलेला तो आकडा होता. दोन्ही बाजू नाराज, आणि दोघांचीही तक्रार खरी होती.

बेरीजवजाबाकी:
२०२० च्या डेमोक्रॅटिक उमेदवारांच्या वादविवादांचंही तेच. त्यात जागा मिळवायला महिनोन् महिने देणगीदारांच्या संख्येची अट होती, छोटे उमेदवार ती गाठायला जाहिरातींवर पैसे घालवत होते. ३१ जानेवारीला पक्षाने ती अट काढली आणि देणग्या न घेणाऱ्या ब्लूमबर्ग या उमेदवाराला १९ फेब्रुवारीच्या नेवाडातल्या वादविवादात जागा मिळाली. अट काढणं एका अर्थी योग्यही होतं, मतदारांसमोर त्यांना जाब विचारला गेला. पण आधीच्या अटीपायी खर्च करून बसलेल्यांना ती भरपाई कोण देणार?