इजेक्शनचे हँडल ओढण्याआधीचे काही सेकंद

२६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडला मिग-२१ विमानांना निरोप देण्यात आला. १९६३ पासून हवाई दलात असलेल्या या विमानावर आयुष्य घालवलेली बरीच माणसे आज ठाणे आणि नवी मुंबईत राहतात, आणि कोलशेतच्या आमच्या इमारतीतही दोघे आहेत. शौर्याच्या कथा आपण ऐकलेल्या असतात. मात्र विमान वाचवायचे की सोडायचे, हे ठरवण्याच्या क्षणी नेमके काय घडले, ते वैमानिकांनी, त्यांच्या घरच्यांनी आणि जमिनीवरच्या सहकाऱ्यांनी येथे सांगावे, अशी विनंती आहे. तळाचे व व्यक्तींचे नाव कृपया लिहू नये.

निवृत्त विंग कमांडर, नौपाडा

उड्डाण घेऊन चाके आत घेतली आणि सुमारे ३०० मीटर उंचीवर असताना घार इंजिनात गेली. आधी धक्का जाणवला, मग जळका वास आला आणि इंजिनाचे तापमान चढू लागले. मिग-२१ ला एकच इंजिन. त्याचे त्रिकोणी पंख लहान असल्यामुळे इंजिन बंद पडले की विमान फारसे तरंगत नाही, म्हणून इतक्या कमी उंचीवर ते सोडून द्यावे, असा आमचा नियम होता. मला तो पाठ होता आणि तरीही वैमानिकाला आसनासह बाहेर फेकणारे इजेक्शनचे हँडल मी ओढले नाही, कारण इंजिन थोडा जोर देत होते आणि धावपट्टी डाव्या हाताला दिसत होती. वळून, वारा पाठीशी असतानाच, मी ताशी ३४० किलोमीटरहून अधिक वेगाने उतरलो, ब्रेक पॅराशूट फाटले आणि विमान धावपट्टीच्या टोकाच्या जाळीत जाऊन थांबले.

माझे फार कौतुक झाले. दोन वर्षांनी आमच्याच स्क्वाड्रनमधल्या एका मुलाने तशाच प्रसंगी परत वळण्याचा प्रयत्न केला आणि हँडल ओढले तेव्हा उंची उरलेली नव्हती. आदल्या आठवड्यात त्याने माझा प्रसंग माझ्याकडूनच ऐकला होता. माझे इंजिन आणखी चार सेकंद आधी विझले असते तर मीही उरलो नसतो, हे मी त्याला सांगितले नव्हते.

वैमानिकाची पत्नी, खारघर

काका, तुमचे वाचून थांबावे लागले. आमचे क्वार्टर धावपट्टीजवळ होते आणि गेलेली विमाने व परतलेली विमाने आवाजावरून मोजण्याची सवय आम्हा सगळ्या जणींना लागली होती. त्या दिवशी चार गेली आणि तीन आली. स्क्वाड्रनची जीप आमच्या गल्लीत वळली, तेव्हा ती कोणाच्या दारासमोर थांबते हे पाहत आम्ही पाच जणी उभ्या होतो. ती माझ्या दारासमोर थांबली. उतरलेल्या अधिकाऱ्यांनी पहिले वाक्य "वहिनी, ते बोलत आहेत" असे उच्चारले, याबद्दल मी त्यांची आजन्म ऋणी आहे.

यांनी नियमाप्रमाणे, वेळेवर हँडल ओढले होते. आसन विमानाबाहेर फेकले जाताना शरीरावर वजनाच्या बारापटीहून अधिक भार येतो, त्यामुळे मणका दबला आणि मेडिकल कॅटेगरी, म्हणजे उड्डाणासाठीची वैद्यकीय पात्रता, खाली आल्याने कित्येक महिने उड्डाण बंद राहिले. पाठ आजही दुखते. पण त्यापेक्षा, "विमान वाचवता आले नसते का?" हा चौकशीतला प्रश्न यांना जास्त दुखला.

निवृत्त इंजिन फिटर, ऐरोली

इंजिनात जाणारे पक्षी आपल्या हातात नसतात, पण खडे असतात. रोज सकाळी आम्ही धावपट्टीवर रांग करून चालत बारीकसारीक खडे आणि खिळे वेचत असू. एकदा हत्यारांच्या पेटीत एक स्क्रूड्रायव्हर कमी भरला, तेव्हा त्या दिवशीची सगळी उड्डाणे थांबवून आम्ही चार तास शोधले. तो कॉकपिटच्या तळाशी सापडला.

माजी प्रशिक्षक, नेरूळ

हॉक ही प्रगत प्रशिक्षणाची विमाने २००८ मध्ये दाखल झाली. त्याआधी किरणसारख्या संथ प्रशिक्षण विमानावरून आलेल्या मुलांना मिग-२१ वरच लढाऊ उड्डाणाचे धडे घ्यावे लागत, आणि त्या वेगाला मन सरावण्याआधीच निर्णयाची वेळ येई. म्हणून मी प्रत्येक विद्यार्थ्याकडून, विमानात चढण्याआधी, "या उंचीखाली इंजिन गेले तर मी विमान सोडीन" हे आकड्यासह मोठ्याने म्हणवून घेत असे. सर, तुमची परवानगी असेल तर तुमचा प्रसंग दोन्ही भागांसह मी माझ्या जुन्या विद्यार्थ्यांना पाठवतो. त्यांतले काही जण आज स्वतः प्रशिक्षक आहेत.

निवृत्त विंग कमांडर, नौपाडा

जरूर पाठवा. दुसरा भाग आधी ठेवा.